दोनशे लिटरची रीफ टाकी: आपल्या उन्हाळ्यात खारं पाणी कसं सांभाळायचं

महाराष्ट्रात रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे पाळायची टाकी, बिघडली तर ती बहुधा एप्रिल-मेमध्ये बिघडते. दुपारी खोली ३३ अंशांवर गेलेली असते, पंप आणि लाइट पाण्यात आणखी एक-दोन अंशांची भर घालतात, त्यातच वीज जाते, आणि संध्याकाळी घरी येऊन बघावं तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतात. म्हणून इथे सामानाचा क्रम दुकानात सांगतात तसा नाही. आधी थंडावा आणि वीज, मग पाणी, मग दगड, आणि लाइट व जीव सगळ्यात शेवटी. बजेट तोकडं असेल तर लाइट साधा घ्या, पाणी गार करणारा चिलर आणि पाणी पूर्ण शुद्ध करणारं आरओ-डीआय यांत काटकसर करू नका.

कुठली टाकी, कुठे

सुरुवातीला ९० × ४५ × ५० सेंटिमीटरची टाकी घ्यावी. हिशेबाने ती २०२ लिटरची. काठापासून चार सेंटिमीटर मोकळे सोडले, दगड-वाळूची जागा वजा केली आणि स्टँडखालच्या दुसऱ्या टाकीतलं (संपमधलं) पाणी धरलं, तर प्रत्यक्षात २०५ ते २१० लिटर पाणी फिरतं. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण नवख्याला तीच जास्त छळते: चाळीस लिटरांत एक गोगलगाय मेली तरी अमोनिया चढतो, दोनशे लिटरांत ती चूक पोटात जाते.

काच १० मिमीची, म्हणजे नुसती काचच सुमारे ४४ किलो. पाणी, दगड, वाळू, स्टँड आणि संप धरून एकूण भार साडेतीनशे किलोंच्या आसपास जातो. फ्लॅटमध्ये टाकी भिंतीला लागून, शक्यतो खालून बीम गेलेला असेल तिथे ठेवा, बाल्कनीत किंवा खोलीच्या मधोमध नको. स्टँड पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी चौकटीचा किंवा १९ मिमीच्या बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) मरीन प्लायचा. साधं पार्टिकल बोर्ड खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी वर्षभरात फुगतं. स्पिरिट लेव्हल लावून चारही कोपरे तपासा, आणि तळाची काच घट्ट चौकटीत बसवलेली नसेल तर खाली १० मिमी फोम घाला. खिडकीतून थेट ऊन टाकीवर पडता कामा नये.

कायद्याचं आधी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. समुद्रघोडेही त्याच वेळी. मालवण असो, लक्षद्वीप असो की मन्नारचं आखात, आपल्या समुद्रातला प्रवाळाचा तुकडा काढणं, विकणं किंवा विकत घेणं गुन्हा आहे, मग तो तुकडा मेलेला का असेना. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून असेच तुकडे विकायला येतात, ते घेऊ नका. परदेशातून येणारे दगडी प्रवाळ साइट्स (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या यादीत आहेत, आणि त्या यादीतले जीव पाळणाऱ्यांना २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणी बंधनकारक केली.

म्हणून ही टाकी कृत्रिम दगडांवर आणि मऊ प्रवाळांवर उभी आहे: मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया. तेही बिल आणि आयातीचे कागद दाखवणाऱ्याकडूनच घ्या. ही निवड नवख्याच्या फायद्याचीही आहे. हे जीव चुना साठवून सांगाडा उभारत नाहीत, त्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचा (पाण्यातल्या कार्बोनेटांचा) रोजचा डोस लागत नाही.

थंडावा आणि वीज

पाणी २५ ते २६ अंशांवर ठेवायचं. २७ पर्यंत चालतं, २९ च्या वर काही दिवस गेले की प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर पडू लागतात आणि प्रवाळ पांढरं होत जातं. त्याला अन्न देणारी तीच असतात. शिवाय पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, नेमका ज्या वेळी माशांना तो जास्त हवा असतो.

पंख्याने पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळे. पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात संपवर लावलेले दोन छोटे पंखे पाणी दोन-तीन अंश उतरवतात. मुंबई-कोकणात हवेतच दमटपणा, तिथे पंख्याचा उपयोग निम्माही होत नाही, आणि पावसाळ्यात तर जवळपास नाहीच. किनारपट्टीवर चिलर लागतोच. २१० लिटरला १/६ ते १/४ एचपीचा घ्या. दोघांत घुटमळत असाल तर मोठा घ्या, कारण लहान चिलर मे महिन्यात दिवसभर थांबतच नाही. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो पाण्यातली उष्णता काढून हवेत टाकतो, हवा कोंडली की तीच गरम हवा परत ओढतो आणि दमतो.

पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटा प्रश्न येतो. १५० वॅटचा हीटर ठेवा, पण वेगळ्या टेंपरेचर कंट्रोलरवर. हीटरचा आतला थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा अनेकदा चालू अवस्थेतच अडकतो, आणि मग पाणी अक्षरशः शिजतं.

विजेचा हिशेब असा: रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर चढवणारा) ३५ वॅट, वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा) १५, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) १५, लाइट १०० वॅट नऊ तास, आणि चिलर सुमारे २५० वॅट, उन्हाळ्यात रोज दहाएक तास. एकूण दिवसाला पाच युनिटच्या आसपास, म्हणजे मे महिन्याच्या बिलात दीडशे युनिटची भर.

वीज गेल्यावर सर्वांत आधी थांबतो तो प्रवाह. पाण्याचा पृष्ठभाग हलेनासा झाला की काही तासांत प्राणवायू घसरतो आणि मासे आधी जातात. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर आणि रिटर्न पंप टाका, चिलर आणि लाइट नको. १५० एएच, १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. इन्व्हर्टरची स्वतःची खपत आणि बॅटरी पूर्ण उतरवायची नाही हे धरून हजारएक हाती लागतात. ५० वॅटचा भार त्यावर वीस तास, व्यवहारात पंधरा तास निघतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घरघरतात आणि तापतात. जोडीला सेलवर चालणारा एक एअर पंप कपाटात असू द्या.

टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. एक्स्टेंशन बोर्ड कपाटाच्या तळाशी ठेवणं ही आग लागण्याची सोपी पद्धत आहे. तो बाजूच्या भिंतीवर उंच लावा.

संप आणि नळ्या

संप म्हणजे स्टँडखालची दुसरी टाकी: ६० × ३५ × ४० सेंटिमीटर. पहिल्या कप्प्यात गाळणीचा मोजा, दुसऱ्यात स्किमर, तिसऱ्यात रिटर्न पंप. त्यात पाणी २० सेंटिमीटर, म्हणजे ४२ लिटरच ठेवायचं, कारण पंप थांबला की वरच्या टाकीतून पाणी खाली येतं. वरची पातळी तीन सेंटिमीटर उतरली तरी ९० × ४५ × ३, म्हणजे १२ लिटर होतात. नळ्यांमधलं आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं (वरच्या टाकीतलं जादा पाणी खाली सोडणारा कप्पा) धरून वीसएक लिटर. संपमध्ये तेवढी रिकामी जागा हवीच.

रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ४ मिमीचं भोक पाडा. पंप थांबल्यावर पातळी भोकाखाली गेली की त्यातून हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. भोकावर शेवाळ साठतं, महिन्यातून एकदा टूथपिक फिरवा. मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर सगळं एक दिवस चालवा आणि दहा वेळा स्विच बंद-चालू करून पाहा. फरशीवर सांडायचंच असेल तर ते त्या दिवशी, गोडं पाणी असताना सांडू दे.

ओव्हरफ्लोला मुख्य नळीशिवाय एक कोरडी आपत्कालीन नळी असावी, तिचं तोंड मुख्य नळीहून थोडं वर. एखादी गोगलगाय मुख्य नळीत अडकली तर पाणी या कोरड्या नळीतून उतरतं.

रिटर्न पंपावर २००० लिटर प्रतितास छापलेलं असेल, तर सव्वा मीटर चढवून वर जेमतेम हजार मिळतात, आणि तेवढे पुरतात. खरा प्रवाह वेव्हमेकरचा: मऊ प्रवाळांना तासाला ४००० ते ६००० लिटर, शक्य तर समोरासमोर दोन, आळीपाळीने चालणारे. एकाच दिशेचा सरळ झोत प्रवाळावर मारू नका, तो मऊ ऊतक फाडतो. पितळ किंवा तांब्याचं कुठलंही फिटिंग पाण्यात येता कामा नये. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोड्या मात्रेतही मारतं.

पाणी

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी इथे चालत नाही. त्यात चव राखण्यासाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २० ते ५० राहतो. आपल्याला शून्य हवा. क्रम असा: ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) मेम्ब्रेन आणि त्यापुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनचा डबा. मुंबई महापालिकेचं पाणी तलावांचं आणि हलकं, रेझिन बराच काळ टिकतं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपतो. दर वेळी टीडीएस मीटर लावून बघा, १ दिसला की रेझिन बदला. संपत आलेला रेझिन धरून ठेवलेलं सिलिकेट आणि फॉस्फेट परत सोडतो. मेम्ब्रेनमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.

जुहू किंवा गिरगावचं समुद्राचं पाणी आणू नका. सांडपाणी, तेल, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे खाली गेलेला खारटपणा, सगळं त्यात असतं. स्वयंपाकाचं मीठही नाही. ते सोडियम क्लोराइड आणि आयोडीन. कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट त्यात नाही. रीफसाठी बनवलेलं मीठच लागतं.

फूडग्रेड प्लास्टिकच्या शंभर लिटरच्या ड्रममध्ये आधी पाणी भरा, पंप सुरू करा, मग मीठ थोडंथोडं सोडा. लिटरला साधारण ३८ ग्रॅम, शंभर लिटरला ३.८ किलो. पहिल्या भरणीला एकूण आठएक किलो मीठ लागेल. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी इतकं घट्ट द्रावण होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथेच एकमेकांना धरून बसतात. पाणी दुधाळ होतं आणि भिंतीवर पांढरा थर चढतो. तो परत विरघळत नाही, ते मीठ वाया गेलं समजा. २४ तास फिरू द्या, मग मोजा.

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाका, झाकण टेकवा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे धरा. निळ्या-पांढऱ्याची सीमा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ) किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२६ वर हवी. हे यंत्र ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं की वरच्या टोकाला दोन-तीन पीपीटीचा घोळ राहू शकतो.

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पंखे लावले की रोज तीन लिटर सहज उडतात. आठवडाभर भर घातली नाही तर २१० चे १८९ लिटर होतात आणि ३५ चा खारटपणा जवळपास ३९ वर जातो. म्हणून भर घालायची ती नेहमी शुद्ध गोड्या पाण्याची, आणि ती ऑटो टॉप-ऑफवर, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी घालणाऱ्या यंत्रावर, सोपवा. त्याचा सेन्सर रिटर्नच्या कप्प्यात असावा, पाण्याचा चढउतार तिथेच दिसतो. टॉप-ऑफचा डबा १५ लिटरच्या आतलाच ठेवा. सेन्सर अडकून सगळा डबा रिकामा झाला तरी खारटपणा ३२.५ च्या खाली जात नाही आणि संपही ओसंडत नाही.

दगड आणि वाळू

कोरडा कृत्रिम रीफ रॉक १५ ते १८ किलो पुरतो. आधी महिनाभर झाकलेल्या ड्रममध्ये, पंप लावून, पाण्यात ठेवा. साठलेलं फॉस्फेट बाहेर येतं, पाणी दोनदा बदला. दगड थेट तळाच्या काचेवर बसवायचे, वाळू नंतर भोवती घालायची. वाळूवर ठेवलेला दगड पिस्तूल कोळंबीने खालून पोखरला की कोसळतो आणि काच फोडतो. सांधे जेल सुपरग्लू आणि इपॉक्सी पुटीने पक्के करा. मागे व दोन्ही बाजूंना आठ सेंटिमीटर मोकळे ठेवा, काच घासणारं चुंबक फिरायला हवं. भिंतीसारखी रास रचली तर मागे पाणी मरतं आणि गाळ साठतो. दोन वेगळ्या टेकड्या, मध्ये खिंड, असं रचा.

वाळू अ‍ॅरॅगोनाइटची, एक-दोन मिमी दाण्याची, तीन सेंटिमीटर जाड, सुमारे १८ किलो. नदीची रेती नको.

सायकल: रिकाम्या टाकीचे सहा आठवडे

टाकी भरली, पंप चालू झाले, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय, आणि घरचे विचारतात मासे कधी. अजून नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया येतो. त्याचं नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू अजून दगडावर वसलेले नाहीत; ते वसवण्यालाच सायकल म्हणतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, त्यात अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा जास्त राहतो.

जिवाणूंना अन्न म्हणून अमोनियम क्लोराइड द्या. कल्हईवाले वापरायचे तो नवसागर हाच, पण बाजारातला ढेकूळ नको, प्रयोगशाळेच्या दर्जाची शुद्ध पूड घ्या. २१० लिटरमध्ये अमोनिया २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) करायला १.३ ग्रॅम लागते. बाटलीतले जिवाणू त्याच दिवशी घाला. लाइट पूर्ण बंद, स्किमर बंद, तापमान २६ ते २७.

दर तिसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. ते दोन-तीन आठवडेही अडून बसू शकतं. या काळात नायट्रेटचा आकडा खरा मानू नका, नायट्राइटमुळे तो फुगून दिसतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा १.३ ग्रॅम घाला. ज्या दिवशी घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य होईल आणि नायट्राइटही शून्य येईल, त्या दिवशी सायकल पूर्ण. मग एक-चतुर्थांश पाणी बदला आणि स्किमर सुरू करा. पहिला आठवडाभर तो वेडावाकडा फेस काढेल, हात लावू नका.

“दोन निळे डॅमसेल टाका, सायकल होईल,” असा सल्ला मिळतो. ऐकू नका. मासा अमोनियात भाजतो, आणि वाचला तर टाकीचा मालक होऊन बसतो. नंतर आलेल्या प्रत्येकाला तो मारतो, आणि त्याला पकडायला सगळे दगड काढावे लागतात.

शेवाळाचे दिवस

लाइट सुरू झाला की पहिल्या महिन्यात वाळूवर दालचिनीची पूड भुरभुरल्यासारखा तपकिरी थर येतो. हे डायटम, सिलिकेट संपलं की आपोआप जातात. मग हिरवे केस. मग कदाचित लालसर बुळबुळीत साय, जी बोटाने उचलली तर चादरीसारखी निघते. हे सायनोबॅक्टेरिया, जिथे प्रवाह मंद आणि गाळ साठलेला, तिथेच ते दिसतात. वेव्हमेकरची दिशा बदला, गाळ नळीने ओढून काढा.

फसवतं ते चौथं: तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी पुन्हा दाट. हे डायनोफ्लॅजेलेट, आणि ते बहुधा पाणी अति स्वच्छ केल्यावर येतात, नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेल्यावर. इथे पाणी बदलत राहिलात तर ते वाढतात. बदलणं थांबवा, फॉस्फेट शोषणारी माध्यमं काढा, खाणं थोडं वाढवा. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. शून्य हा इथे चांगला आकडा नाही.

तपकिरी थर दिसला की सफाई कामगार आणा: ट्रोकस आणि सेरिथ मिळून आठ-दहा गोगलगायी, वाळूसाठी तीन-चार नॅसारियस. यांना सलाइनच्या नळीने पाणी जुळवून घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारा आयव्ही सेट टाकीतून, पिशवीतलं पाणी आणि जीव ओतलेल्या भांड्यात सोडा, चकती फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंबांवर आणा. तासाभरात अर्धा लिटर पाणी उतरतं. तेवढं त्यांना पुरतं.

मासे

पहिली जोडी ऑसेलारिस क्लाउनफिशची, आणि ती टाकीत जन्मलेलीच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायला कारण उरत नाही. एक मोठा, एक लहान घ्या. हे मासे आधी नर असतात, जोडीतला मोठा मादी होतो. सारख्या आकाराचे दोन घेतले तर हे ठरवण्यात मारामारी होते. त्यांना अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागत नाही. नव्या टाकीत अ‍ॅनिमोन फिरत सुटतो, वेव्हमेकरमध्ये अडकतो आणि त्याच्या चिंध्यांनी पाणी नासतं.

पुढे महिन्याला एक: फायरफिश, मग एक छोटा गोबी. फायरफिश उडी मारतो, जाळीचं झाकण हवंच. या आकाराच्या टाकीत एवढेच. निळा टँग फूटभर वाढतो, त्याला ही टाकी म्हणजे बादली. मँडरिन फार सुंदर, पण जिवंत कोपेपॉडवर (बारीक कवचधारी जीवांवर) जगतो आणि नव्या टाकीत हळूहळू उपाशी मरतो.

प्रत्येक मासा आधी ४० लिटरच्या क्वारंटाइन टाकीत महिनाभर ठेवा. तिथे फक्त पीव्हीसीचे तुकडे, स्पंज फिल्टर आणि हीटर, वाळू-दगड नको. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार आणणारा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी रिकामी ठेवणं एवढाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी हौशी लोकांत रुळलेला आकडा आहे ७६ दिवस.

दुकानाच्या पाण्याचा खारटपणा आधी मोजा. परजीवी दबून राहावेत म्हणून अनेक दुकानं तो १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. तिथून एकदम १.०२६ मध्ये टाकलेला मासा दोन-तीन दिवसांनी मरतो आणि कारण कळत नाही. क्वारंटाइनचं पाणी दुकानाइतकंच करून ठेवा आणि रोज ०.००१ ते ०.००२ ने वाढवा. मासा बराच काळ पिशवीत असेल तर पिशवी उघडून थेंबथेंब पाणी घालत बसू नका. पिशवी उघडताच आतला कार्बन डायऑक्साइड निघतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. तापमान जुळेपर्यंत वीस मिनिटं बंद पिशवी तरंगवा, मग मासा उचलून थेट जुळवलेल्या पाण्यात सोडा.

प्रवाळ आणि लाइट

चौथ्या महिन्यात पहिले मशरूम आणा. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) पुरतो. निळ्याकडे झुकणारा एलईडी ३५ टक्क्यांवर सुरू करा, दर आठवड्याला पाच टक्के वाढवा, दिवसाला आठ-नऊ तास, टायमरवर. नवीन प्रवाळ कोरल डिपमध्ये (कीड काढणाऱ्या द्रावणात) बाटलीवर लिहिलेली मिनिटं बुडवा, हलवा, तळाशी काय पडतं ते पाहा: चपटे कृमी, अंडी. मग आठवडाभर वाळूवर, नंतर वर.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, कापताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तरी इजा होते. ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका. वाफेतून विष श्वासात जातं, आणि अशाने घरंच्या घरं रुग्णालयात दाखल झाली आहेत.

आठवड्याचं काम, आणि घरातलं इतर

दर रविवारी २० लिटर पाणी बदला, ७६० ग्रॅम मीठ आदल्या दिवशी मिसळलेलं. खारटपणा आणि तापमान टाकीइतकंच. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. मऊ प्रवाळांच्या टाकीत हे आकडे पाणी बदलण्यावरच टिकतात. आकडा चुकला तर एका दिवसात ओढून आणू नका. अल्कलिनिटी दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त हलवायची नाही. एसी लावून बंद ठेवलेल्या खोलीत पीएच ७.८ वर उतरतो, कारण आपल्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो. पीएच वाढवणारी बाटली आणण्याआधी खिडकी उघडून बघा.

डास पळवणारी लिक्विड मशीन आणि कॉइल टाकीच्या खोलीत वर्ज्य. त्यात पायरेथ्रॉइड असतात. मासे आणि कोळंबी यांच्यासाठी ते विष आहे, आणि स्किमर खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात फेटतो. पेस्ट कंट्रोल किंवा दिवाळीआधीची रंगरंगोटी असेल तर टाकी ओल्या चादरीने झाका, स्किमर व एअर पंप बंद ठेवा, वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा, आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच चादर काढा. कार्बनची एक पिशवी तयार ठेवा, त्या रात्री संपमध्ये सोडायला. टाकीत हात घालण्याआधी साबण, बाम, अत्तर काही नको, कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुवायचं.

बाहेरगावी जाताना खाण्याची बरणी शेजाऱ्यांच्या हाती देऊ नका. प्रेमापोटी चिमूटभराचे मूठभर होतात, आणि परत येईपर्यंत पाणी नासलेलं असतं. औषधाच्या गोळ्यांची वारांची डबी घ्या, प्रत्येक कप्प्यात एका दिवसाचे दाणे मोजून ठेवा, एक वार मुद्दाम रिकामा सोडा. टॉप-ऑफचा डबा कुठल्या रेषेपर्यंत भरायचा तिथे निळी टेप लावा, आणि शुद्ध पाण्याचे कॅन शेजारीच ठेवा. चिलरचा आकडा २७ च्या वर दिसला तर कुणाला फोन करायचा, ते कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.